विकिरणाने टिकवलेली काष्ठौषधी: ती सुरक्षित आहे हे तपासतात कसे?

अश्वगंधेचे मूळ जमिनीतून उपटून काढावे लागते, आणि तिच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर पट्ट्यात या पिकाची मोठी उलाढाल आहे. मुळे उपटली की ती झटकतात, शेंडे छाटतात, तुकडे करतात आणि उन्हात पसरतात. पुढे पोत्यांतून ती आडत्याकडे, तिथून घाऊक व्यापाऱ्याकडे आणि शेवटी चूर्ण करणाऱ्या कारखान्यात जातात. मातीतले जिवाणू, त्यांचे चिवट बीजाणू (जिवाणूंची सुप्त, टणक कवचातली रूपे), बुरशी आणि पोरकिडे या प्रवासात मुळांच्या सोबतच असतात, त्यामुळे अशा मुळाच्या एका ग्रॅममध्ये लाखो जिवाणू निघाले तर त्यात नवल काही नाही. काढा करताना पाणी उकळते आणि बरेचसे जिवाणू मरतात. पण आज अश्वगंधा घेणारे बहुतेक लोक ती चूर्ण किंवा कॅप्सूल या रूपात, म्हणजे न उकळता घेतात. आयुर्वेदिक औषधकोशाप्रमाणे पोटात घ्यायच्या अशा औषधात एका ग्रॅममागे एकूण जिवाणू एक लाखाच्या आत आणि बुरशी व यीस्ट एक हजाराच्या आत असायला हवेत, आणि साल्मोनेला, ई. कोलाय यांसारखे रोगजंतू तर मुळीच सापडता कामा नयेत.

ही मर्यादा पाळण्याचे मार्ग मोजकेच आहेत. वाफ दिली तर सुगंधी तेले उडून जातात आणि चूर्णाचे गोळे होतात. इथिलीन ऑक्साइड वायूची धुरी दिली तर जिवाणू मरतात, पण हा वायू स्वतःच कर्करोगकारक ठरलेला आहे आणि त्याचे अवशेष मालात राहतात; भारतातून गेलेल्या तिळात २०२० साली असे अवशेष सापडल्यावर युरोपातल्या दुकानांतून हजारो उत्पादने परत मागवावी लागली होती. तिसरा मार्ग विकिरणाचा. पुड्या, डबे, खोकी भरून सीलबंद झालेला माल कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी स्रोतासमोरून ठरावीक वेळ फिरवायचा. स्रोतातून निघणारे गॅमा किरण खोक्याच्या आरपार जातात आणि सूक्ष्मजीवांच्या डीएनएचे तुकडे करतात. माल आधीच बंद असल्यामुळे त्यात पुन्हा जंतू शिरण्याचा प्रश्न राहत नाही. महाराष्ट्राला हे तंत्र नवे नाही. तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, वैद्यकीय साधने निर्जंतुक करणारे आयसोमेड हे केंद्र १९७४ पासून आहे, वाशीला मसाल्यांसाठी उभारलेले केंद्र २००० साली सुरू झाले, आणि लासलगावच्या केंद्रात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून अगदी थोडे विकिरण देण्याची सोय झाली.

‘किरण दिलेले औषध’ म्हटले की ऐकणारा दचकतो. तो विचारतो तो प्रश्न एकच असतो, ‘हे सुरक्षित आहे का?’ प्रयोगशाळेत मात्र त्याचे निदान चार प्रश्न होतात आणि प्रत्येकाची चाचणी वेगळी असते. औषध किरणोत्सर्गी झाले का? त्यात एखादा नवा घातक पदार्थ तयार झाला का? औषधाचा गुण शाबूत आहे का? आणि किरण देण्यापूर्वी तो माल मुळात कसा होता? पहिल्या प्रश्नावर सगळ्यात जास्त बोलले जाते, आणि त्याचेच उत्तर सगळ्यात सोपे आहे. चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

पहिला प्रश्न आधी मिटवू. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी असते. मुळात, पानात किंवा सालीत जी मूलद्रव्ये असतात त्यांच्या अणुकेंद्रात बदल घडवायला ही ऊर्जा पुरत नाही. ती फक्त अणूभोवतीचे इलेक्ट्रॉन हलवते. कोबाल्ट स्वतः पोलादी नळ्यांत बंद असतो आणि मालाला त्याचा स्पर्शही होत नाही. छातीचा एक्स-रे काढून घरी आलेला माणूस जसा किरणोत्सर्गी नसतो, तसेच हे चूर्णही नसते.

पुढच्या तिन्ही प्रश्नांसाठी आधी मात्रा समजून घ्यावी लागते. ही मात्रा वैद्यांच्या मात्रेहून वेगळी आहे. एक किलो पदार्थाने एक हजार ज्यूल ऊर्जा शोषली की त्याला एक किलोग्रे मात्रा मिळाली असे म्हणतात. दहा किलोग्रे ऐकायला मोठे वाटते, पण तेवढ्या ऊर्जेने एक किलो पाणी जेमतेम अडीच अंशांनी तापेल. म्हणूनच या प्रक्रियेत माल गरम होत नाही आणि सुगंधी तेल बऱ्याच अंशी टिकते. जिवाणूंची संख्या मात्र पायऱ्यापायऱ्यांनी उतरते: एखाद्या बीजाणूची संख्या दहा पटींनी कमी करायला दीड किलोग्रे लागत असेल, तर सहा किलोग्रेमध्ये अशा चार पायऱ्या होतात आणि एका ग्रॅममधले एक कोटी बीजाणू एक हजारावर येतात. साल्मोनेलासारख्या रोगजंतूंना याहून बरीच कमी मात्रा पुरते, तर कोरड्या मालातले बीजाणू सर्वांत चिवट ठरतात. भारतात अणुऊर्जा कायद्याखालच्या २०१२ च्या नियमांत आयुर्वेदिक वनस्पती आणि औषधे यांचा वेगळा उल्लेख आहे: किडे मारण्यासाठी एक किलोग्रेपर्यंत, जिवाणू कमी करण्यासाठी पाच ते दहा आणि पूर्ण निर्जंतुकीकरणासाठी दहा ते पंचवीस किलोग्रे.

सुरक्षिततेची पहिली तपासणी त्यामुळे औषधाची नसून मात्रेची असते. खोक्याच्या बाहेरच्या कडेला जास्त मात्रा मिळते आणि गाभ्याला कमी, कारण वाटेतला माल किरणांना अडवतो. गाभ्याला किमान मात्रा मिळाली नाही तर तिथले जंतू वाचतात. कडेला कमाल मर्यादा ओलांडली गेली तर तिथले औषध बिघडू शकते. म्हणून नवा माल आला की खोक्यात ठिकठिकाणी मात्रामापके ठेवून आधी त्याचा नकाशा काढतात. ही मापके म्हणजे अॅलनिनच्या गोळ्या किंवा सिरिअम क्षाराच्या द्रावणाच्या कुप्या असतात, आणि किरण लागल्यावर त्यांच्यात होणारा बदल मोजून मात्रा काढता येते. खोक्यावर पिवळ्याचे लाल होणारे एक वर्तुळाकार चिकटपत्रही असते. त्यावर कोणी भिस्त ठेवू नये. माल स्रोतासमोरून गेला एवढेच ते सांगते, किती मात्रा मिळाली हे सांगत नाही.

आता दुसरा प्रश्न. विकिरणाने रासायनिक बदल होतात हे खरेच आहे. पाण्याचे रेणू फुटून अतिशय क्रियाशील मूलके तयार होतात आणि ती भेटेल त्या रेणूशी झोंबतात. वाळलेल्या मुळात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे हा उत्पात ताज्या फळापेक्षा कितीतरी कमी होतो. जे पदार्थ तयार होतात त्यांतले बहुतेक शिजवताना किंवा भाजतानाही तयार होतात. याला ठळक अपवाद एकच: स्निग्ध पदार्थांपासून बनणारी अल्किल-सायक्लोब्युटेनोन नावाची संयुगे. ती शुद्ध स्वरूपात आणि मोठ्या मात्रेत दिल्यावर उंदरांवरच्या काही प्रयोगांत, दुसरे कर्करोगकारक रसायन सोबत असताना, गाठींची वाढ जास्त दिसली होती. त्यामुळे तेलकट बियांच्या बाबतीत हा मुद्दा तपासायला हवा. अश्वगंधेसारख्या मुळांमध्ये स्निग्धांश तसाही नगण्य असतो.

अशा पदार्थांचा जिवावर परिणाम होतो का, हे पाहण्याच्या प्रयत्नात एक मोठा वाद भारतातच झाला, आणि चाचणी कशी करावी व कशी करू नये हे त्यातून जितके कळते तितके दुसऱ्या कशातून क्वचितच कळेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९७५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीव्र कुपोषित मुलांचे पाच-पाच जणांचे तीन गट केले होते. एका गटाला नुकतेच ०.७५ किलोग्रे विकिरण दिलेला गहू, दुसऱ्याला विकिरणानंतर बारा आठवडे साठवलेला गहू आणि तिसऱ्याला साधा गहू खायला दिला. ताज्या विकिरित गव्हाच्या गटात, गुणसूत्रांचे संच नेहमीपेक्षा जास्त असलेल्या काही रक्तपेशी दिसल्या. साध्या गव्हाच्या गटात अशी एकही पेशी दिसली नाही. जगभर खळबळ उडाली, आणि आजही विकिरणाला विरोध करणारे या अभ्यासाकडे बोट दाखवतात.

मग तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात प्राण्यांवर प्रयोग झाले आणि तिथे असा परिणाम आढळला नाही. दोन सरकारी संस्थांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात, तेव्हा दोन्हीकडची आकडेवारी तपासण्याचे काम जनुकशास्त्रज्ञ पी. सी. केशवन आणि संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांच्याकडे आले. सुखात्मे मूळचे साताऱ्याकडचे. नमुना निवडीच्या शास्त्रात त्यांचे नाव जगभर घेतले जाते. त्यांनी १९७६ साली दिलेला निर्वाळा असा होता की या आकडेवारीवरून विकिरित गहू घातक ठरत नाही. या अभ्यासावरची टीका समजायला फार गणित लागत नाही. एकेका मुलाच्या शंभर पेशीच मोजल्या होत्या, आणि अशी पेशी निरोगी माणसातही अधूनमधून सापडतेच. मग तुलनेच्या गटात ती शून्य निघते, याचा अर्थ तो गट विशेष निरोगी होता असा नसून मोजणी अपुरी होती असा निघतो. शून्याशी तुलना केली की दोन-चार पेशीसुद्धा डोंगराएवढ्या वाटतात. पुढे चीनमध्ये आठ चाचण्यांमधून चारशेहून अधिक स्वयंसेवकांना विकिरित अन्न खाऊ घातले गेले आणि तिथेही असा फरक सिद्ध झाला नाही. कुपोषित मुलांवर असा प्रयोग करावा का, हा प्रश्न त्या काळात आजच्याइतक्या तीव्रतेने विचारला गेला नाही, ही गोष्ट मला आकडेवारीच्या वादाहून अधिक खटकते.

जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८० साली ठरवले की सरासरी दहा किलोग्रेपर्यंत विकिरण दिलेल्या कोणत्याही अन्नाची वेगळी विषशास्त्रीय तपासणी करण्याची गरज नाही. आज जगभर दिसणारा दहाचा आकडा तिथून आला आहे. पण तो अन्नासाठी होता, आणि औषधी वनस्पतीच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या पडतात. एक तर तिच्यात प्रभावी रसायने दाटून असतात. दुसरे असे की औषध उंदराला नेहमीच्या शंभरपट खाऊ घालून ‘अजूनही काही झाले नाही’ असे म्हणता येत नाही, कारण तेवढी अश्वगंधा विकिरण न देताही त्याला बाधेल. म्हणून काष्ठौषधींच्या चाचणीत नेहमी दोन नमुने शेजारी शेजारी ठेवतात: एकाच पोत्यातला अर्धा माल विकिरित आणि अर्धा तसाच. दोन्हींचा अर्क एकाच रीतीने काढायचा आणि फरक शोधायचा.

यातली पहिली पायरी म्हणजे ब्रूस एम्स या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी एम्स चाचणी. साल्मोनेलाच्या एका खास जातीला हिस्टिडिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नाही. हिस्टिडिन नसलेल्या बशीत ती वाढत नाही. पण तिच्या जनुकात योग्य तो बदल झाला तर हरवलेली क्षमता परत येते आणि ठिपक्यासारखी वसाहत उगवते. अर्क टाकल्यावर अशा वसाहती एरवीपेक्षा खूप जास्त उगवल्या तर अर्क जनुके बदलतो असा संशय घ्यायचा. पुढच्या पायरीवर अर्क उंदरांना देऊन त्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशींमध्ये तुटलेल्या गुणसूत्रांची सूक्ष्मकेंद्रके दिसतात का ते पाहतात, आणि त्यानंतर २८ किंवा ९० दिवस रोज औषध देऊन यकृत, मूत्रपिंड, रक्त आणि वजन तपासतात. दक्षिण कोरियात दहा किलोग्रेपर्यंत विकिरण दिलेल्या कित्येक देशी वनौषधींवर अशा चाचण्या झाल्या आणि त्यांत विकिरणामुळे आलेली विषाक्तता दिसली नाही.

एवढ्यावरून सगळे आलबेल आहे असे समजायचे कारण नाही. ऑस्ट्रेलियात २००८ च्या सुमारास मांजरांचे मागचे पाय लुळे पडू लागले, आणि कारण शोधता शोधता बोट गेले ते आयातीच्या वेळी फार मोठी मात्रा दिलेल्या कोरड्या खाद्याकडे. कुत्र्यांना तसे काही झाले नाही. पुढच्याच वर्षी तिथे मांजरांच्या खाद्याला विकिरण देण्यावर बंदी आली. मात्रा दहा किलोग्रेच्या कितीतरी पुढची होती आणि मांजराचा तो एकमेव आहार होता, हे लक्षात घेतले तरी एका प्राण्यावरून दुसऱ्याची खात्री देता येत नाही हे खरेच.

चीनने या बाबतीत केलेले नियम मला जास्त शहाणपणाचे वाटतात. तिथल्या औषध प्रशासनाच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सर्वसाधारण मर्यादा दहा किलोग्रेच आहे, पण काही वनस्पतींसाठी ती तीनवर आणली आहे. त्यांत आपली बावची आहे आणि धुपासाठी जाळतात तो एक डिंकही आहे. जेंशियन कुळातल्या दोन मुळांना तर विकिरण द्यायचेच नाही, असे सांगितले आहे. म्हणजे ‘वनौषधी’ असा एकच गठ्ठा न करता झाडागणिक विचार केला आहे.

तिसरा प्रश्न गुणाचा. हळदीतले कर्क्युमिन दहा किलोग्रेला सहसा टिकते, असे अभ्यासांत दिसले आहे. अश्वगंधेचे विथॅनोलाइड, ज्येष्ठमधाचे ग्लिसरायझिन अशी ओळखीची संयुगे विकिरणाआधी आणि नंतर मोजून पाहतात, आणि पातळ थरावर अर्क चढवून उमटणारे रंगीत पट्टे दोन्ही नमुन्यांत जुळतात का ते बघतात. क जीवनसत्त्व मात्र नाजूक असते, त्यामुळे आवळ्याची मोजणी वेगळी करावी लागते. सगळ्यात मोठा फटका बसतो तो डिंक आणि चिकट द्रव्यांना. विकिरणाने लांब शर्करा-साखळ्या तुटतात आणि चिकटपणा उतरतो. सत इसबगोलाचा सगळा गुण पाण्यात फुगण्यात असतो. त्याच्या बाबतीत प्रयोगशाळेतली सगळ्यात बोलकी चाचणी म्हणजे मोजपात्रात एक ग्रॅम भुसा भिजवून तो किती मिलिलिटरपर्यंत फुगतो ते पाहणे. विष शून्य निघाले आणि फुगणेही निम्मे झाले, तर ते औषध सुरक्षित असूनही कुचकामी ठरते.

आता चौथा प्रश्न. विकिरण जिवाणू मारते, पण त्यांची प्रेते नेत नाही. ओल्या गोदामात पोत्यांवर बुरशी चढली आणि तिने अॅफ्लाटॉक्सिन सोडले, तर नेहमीच्या मात्रेत बुरशी मरते आणि विष जवळजवळ तसेच राहते. काही जिवाणूंच्या पेशीभित्तिकेतले अंतर्विषही राहते. शिसे, पारा, आर्सेनिक, कॅडमियम यांना तर किरणांचे काहीच सोयरसुतक नसते; त्यांच्या मर्यादा दशलक्ष भागांत अनुक्रमे १०, १, ३ आणि ०.३ अशा आहेत आणि त्या स्वतंत्रपणेच तपासाव्या लागतात. म्हणजे नासलेला माल विकिरणातून काढला की जिवाणूंच्या मोजणीत तो चोख उतरतो. जिवंत जंतू मोजणारी बशी स्वच्छ, आणि कागद चकचकीत. या पळवाटेमुळेच ‘विकिरण फक्त चांगल्या प्रतीच्या मालाला द्यावे’ असा नियम सगळीकडे लिहिलेला असतो, आणि तो पाळला जातो का हे नंतर पाहणे अवघड असते.

अवघड असले तरी अशक्य नाही. एक युक्ती अशी की मालातले सगळे जिवाणू, मेलेले आणि जिवंत, सूक्ष्मदर्शकाखाली रंगवून मोजायचे आणि दुसरीकडे फक्त जिवंत मोजायचे. दोन्ही आकडे जवळपास असतील तर माल जसा होता तसा आहे. मेलेल्यांची गर्दी लाखोंची आणि जिवंत मोजकेच असतील, तर त्या मालावर काहीतरी प्रक्रिया झाली आहे आणि प्रक्रियेआधी तो घाण होता, हे दोन्ही एकदम कळते. जिवाणू गॅसने मेले की किरणांनी, हे त्यातून कळत नाही.

ते सांगते माती. अश्वगंधेला चिकटून आलेल्या धुळीत क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार यांचे बारीक कण असतात, आणि विकिरणातली थोडी ऊर्जा त्यांच्या स्फटिकात अडकून राहते, महिनोन्‌महिने. प्रयोगशाळेत चूर्ण जड द्रावणात ढवळतात. वनस्पतीचा भाग तरंगतो, कण तळाशी बसतात. हे कण अंधारात तापवले की अडकलेली ऊर्जा क्षीण प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते आणि ती मोजता येते. मग त्याच कणांना ठरावीक मात्रेचे विकिरण मुद्दाम देऊन पुन्हा तापवतात आणि दोन प्रकाशांचे गुणोत्तर काढतात. ते ०.१ च्या वर गेले की माल विकिरित होता असे समजायचे. कितीही धुतले तरी चिमूटभर धूळ राहतेच, आणि शेतकऱ्याने नीट न झटकलेली ती माती इथे साक्षीदार होते. झाडाच्या तंतूंतल्या सेल्युलोजवरही विकिरणाची एक खूण राहते. ती चुंबकीय क्षेत्रात वाचता येते, पण काळाबरोबर पुसट होत जाते.

ही परीक्षा मुख्यतः लेबलासाठी होते. भारतात विकिरित खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर हिरवे रॅड्युरा चिन्ह, विकिरण दिल्याचे विधान, तारीख आणि उद्देश लिहावा लागतो. युरोपीय संघात सर्व देशांना समान असलेल्या यादीत एकच वर्ग आहे, वाळलेल्या सुगंधी वनस्पती आणि मसाले, आणि तोही दहा किलोग्रेपर्यंत. मिश्रणात विकिरित घटक चिमूटभर असला तरी तो लेबलावर सांगावा लागतो. अश्वगंधा ना मसाला, ना सुगंधी पान. त्यामुळे इथे नियमात बसेल असे विकिरण दिलेले चूर्ण जर्मनीतल्या दुकानात गेले तर धुळीच्या कणांच्या त्या मंद उजेडावरून अडवले जाऊ शकते, मग त्यातले जिवाणू कितीही कमी असोत. म्हणून निर्यातदार युरोपसाठीचा माल वाफेवर शुद्ध करतात किंवा काढणीपासूनच धुऊन, ताडपत्रीवर वाळवून वेगळा ठेवतात, आणि तो विकिरित मालाच्या गोदामात चुकूनही जाऊ नये म्हणून पोत्यांवर वेगळ्या रंगाची खूण करतात.